पिल्लू थरथरतंय... थंडी की आणखी काही?

गणपती उठून आठ-दहा दिवस झाले होते. सकाळची पूजा आटोपून मी मागच्या दारी गेले, तर आमचा शेरू पायरीशी उभा आणि अंगाला सारखी थरथर. शेरू म्हणजे साडेचार महिन्यांचं पिल्लू, मुधोळ आणि गावठी अशा मिश्र जातीचं. एरवी माझी चाहूल लागली की पायात घोटाळणारा, त्या दिवशी नुसता बघत राहिला.

सूनबाई धारवाडची. पाणी भरायला आली आणि बघून म्हणाली, "अत्ति, नायी याक हिंग नडगाक हत्तैती?"

मी म्हटलं, "रात्रभर पाऊस होता, थंडी वाजत असेल." जुनी गोधडी आणून त्याला गुंडाळलं. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "दहा दिवस ढोल-ताशे, फटाके. भेदरलाय तो. होईल बरा." दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं होतं. त्यामुळे अर्धा तास असाच गेला.

अर्ध्या तासाने त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. उठायला गेला तर मागचे पाय लटपटले. तेव्हा सूनबाईंनीच विचारलं, काल संध्याकाळी त्याच्या अंगाला काय लावलं होतं? आणि माझ्या पोटात धस्स झालं. पावसाळ्यात शेरूला गोचीड फार झाले होते. खानापूरकडच्या नातेवाइकांनी गुरांच्या गोचिडांवरच्या औषधाची बाटली दिली होती. बादलीत झाकणाच्या अंदाजाने ओतून त्याच पाण्याने मी त्याला आंघोळ घातली होती. शेरू रात्रभर अंग चाटत बसला असणार.

रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी टेबलावर घेता घेताच विचारलं, "मैगे एनर हच्चीरेन?" अंगाला काही लावलंत का, हा त्यांचा पहिला प्रश्न. नशिबाने सूनबाईंनी निघताना ती बाटली पिशवीत टाकली होती. त्यावरचं नाव वाचून त्यांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, पुन्हा साबणाने धुऊन काढलं. दोन दिवस रोज नेत होतो. शेरू वाचला. पण डॉक्टर जे बोलले ते कानात राहिलं. ते म्हणाले, "थरथर हा रोग नाही, निरोप आहे. निरोप कशाचा ते बाकीच्या लक्षणांवरून कळतं. आणि निरोप घेऊन येणाऱ्याला गोधडीत गुंडाळून ठेवायचं नसतं."

त्यानंतर मी या विषयाची जी माहिती गोळा केली, ती माझ्यासारख्याच घरांसाठी इथे देत आहे. आपल्याकडे आता फ्लॅटमध्येही कुत्री आली आहेत. पण कुत्र्याचं दुखणं ओळखायची घरातल्या जुन्या माणसांची रीत गुरांवरून आलेली, आणि तरुण मंडळींची स्वतःच्या औषधपेटीवरून. दोन्ही ठिकाणी फसगत होते.

काळजी न करण्यासारखी थरथर

सगळीच थरथर धोक्याची नसते. लहान पिल्लाला अंगातली ऊब टिकवता येत नाही. आंघोळीनंतर, पावसात भिजल्यावर, डिसेंबर-जानेवारीच्या बेळगावी थंडीत ते कापणारच. मुधोळ कुत्र्यांच्या बाबतीत तर हे जास्तच. मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने जोपासलेली आणि 2005 मध्ये टपाल तिकिटावर झळकलेली ही आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्याची जात. अंगावर चरबी कमी, केस आखूड. दख्खनच्या उन्हात धावण्यासाठी ती घडली आहे, गार फरशीवर झोपण्यासाठी नव्हे. अशा पिल्लाला कोरडं करून गोणपाटावर, वाऱ्याआड ठेवलं की थोड्या वेळात कापणं थांबतं.

भीतीचंही तसंच. दिवाळीचे फटाके, मिरवणुकीचे ढोल, विजांचा कडकडाट, नवं घर, यामुळे पिल्लू कापतं, कोपऱ्यात शिरतं, शेपूट पोटाशी घेतं. आवाज थांबला की तेही सावरतं. झोपेत पाय झाडणं, ओठ हलणं, बारीक कुंईकुंई करणं हे बहुधा स्वप्न असतं. नावाने हाक मारली की जागं होतं आणि लगेच ओळख दाखवतं.

या सगळ्यात एक खूण समान आहे. कारण समोर दिसतं, कारण गेलं की थरथर जाते, आणि मधल्या वेळात पिल्लू खातं, पितं, खेळतं. या तिन्हीपैकी एकही गोष्ट जुळत नसेल तर "थंडी असेल" म्हणून सोडून देऊ नये.

थरथर आणि झटका यातला फरक

डॉक्टरांना फोनवर सांगताना इथेच गोंधळ होतो. थरथरणारं पिल्लू शुद्धीवर असतं. हाक मारली की बघतं, चार पावलं चालतं. झटका म्हणजे फिट आली तर ते आडवं पडतं, अंग ताठ होतं, पाय वल्हवल्यासारखे हलतात, जबडा आपटतो, लाळ येते, पुष्कळदा लघवी होते आणि हाकेला काहीच प्रतिसाद नसतो. थांबल्यावरही काही वेळ ते भांबावल्यासारखं भिंतीला धडकत फिरतं.

फिट आली तर आधी घड्याळ पाहावं. आपल्याला तो वेळ तासासारखा वाटतो, म्हणून अंदाजावर राहू नये. आजूबाजूच्या खुर्च्या बाजूला कराव्यात, दिवे मंद करावेत, गोंगाट थांबवावा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची आपल्याकडची जुनी रीत कुत्र्याच्या बाबतीतही निरुपयोगी आहे, आणि त्यात आपलाच हात चावला जाण्याचा धोका आहे. कुत्रं जीभ गिळत नाही, ती भीती सोडून द्यावी. ज्याचं दुसरं काही कारण सापडत नाही असा अपस्मार बहुतेक कुत्र्यांत सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतो. त्यावर रोजच्या गोळ्या असतात आणि अशी कुत्री वर्षानुवर्षं घरात आनंदाने राहतात.

पिल्लं कशाने थरथरतात?

साखर उतरणे : तीन महिन्यांच्या आतली पिल्लं, त्यातही पॉमेरेनियनसारखी लहान चणीची, काही तास उपाशी राहिली तरी त्यांच्या रक्तातली साखर उतरते. पिल्लू गळून जातं, झोकांड्या खातं, कापतं, पुढे फिट येते. शुद्धीवर असेल तर मध किंवा साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळावं आणि डॉक्टरांकडे निघावं. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काही ओतू नये, ते फुप्फुसात जातं. एवढ्या लहान पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्यावं.

डिस्टेंपर : लस न दिलेल्या पिल्लांचा हा मोठा शत्रू. सुरुवातीला ताप, डोळ्यांना चिपडं, नाकातून घट्ट पाणी, खोकला, हगवण. लोकांना वाटतं सर्दी झाली. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पायाचा किंवा जबड्याचा एखादा स्नायू ठेक्यात उडू लागतो, अगदी झोपेतसुद्धा. या विषाणूला मारणारं हमखास औषध नाही. उपचार असतात ते पिल्लाला तग धरता यावा म्हणून. खरा उपाय लसीचा. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे होईपर्यंत ती द्यावी लागते. एक टोचून घेतली म्हणजे झालं, हा समज घातक आहे.

विषबाधा : आमच्या शेरूचं हेच झालं. गुरांसाठीची गोचिडांची औषधं तीव्र असतात. पिल्लाचं वजन पाच-सात किलो आणि झाकणाचं माप बैलाचं. त्यातून लाळ, ओकारी, थरथर, फिट असं सगळं ओढवतं. घरातही विषं कमी नाहीत. उंदराचं औषध, बागेतल्या गोगलगायींच्या गोळ्या, चॉकलेट, कॉफी, बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल, उकिरड्यावरचं बुरशी आलेलं अन्न. निपाणी भागातल्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तंबाखू, जर्दा, बिडीची थोटकं पिल्लाने चघळली तर त्यातल्या निकोटिनने लाळ, ओकारी, अस्वस्थपणा आणि कापरं भरतं. जोत्यावर वाळत घातलेला तंबाखू आणि मोकळं पिल्लू यांची गाठ पडू देऊ नये.

ताप आणि गोचीड : कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट, म्हणजे माणसापेक्षा जास्त. म्हणून हाताला ते गरमच लागतं, आणि नाक गार आहे म्हणजे ताप नाही हाही भरवशाचा ठोकताळा नव्हे. वेगळा थर्मामीटर ठेवून गुदद्वारातून मोजणं हाच खरा मार्ग. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात पिल्लू सुस्त होतं, खाणं सोडतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी लघवी गडद होते.

वेदना : गच्चीवरून पडलं, हाड अडकलं, पोट दुखतंय, अशा वेळी पिल्लू पाठ कमानीसारखी करून कापत उभं राहतं आणि हात लावू देत नाही.

पहिलटकरीण कुत्री : वर्ष-दीड वर्षाची कुत्री व्याल्यानंतर पहिल्या चार आठवड्यांत धापा टाकू लागली, कापू लागली, पाय ताठ झाले तर अंगातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. पिल्लं बाजूला करून लगेच दवाखाना गाठावा. हे दुखणं काही तासांत जीव घेतं आणि वेळेत इंजेक्शन मिळालं तर तितक्याच लवकर उतरतं.

नुसतीच थरथर : कधी कधी मात्र कारण सापडत नाही. लहान चणीच्या, बहुतेक पांढऱ्या रंगाच्या तरुण कुत्र्यांत सगळं अंग बारीक कापत राहण्याचा एक विकार आहे. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या स्टेरॉइडने सहसा आटोक्यात येतो. बॉक्सर, बुलडॉग, डॉबरमन यांच्यात नुसतं डोकं 'नाही-नाही' किंवा 'हो-हो' म्हटल्यासारखं हलतं. कुत्रं पूर्ण शुद्धीवर असतं, बिस्किट दाखवलं की डोकं थांबतं. हा प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो. पण तसं ठरवायचं काम डॉक्टरांचं. बाकीची कारणं तपासून बाजूला सारल्यावरच ते ठरवता येतं.

एक गोष्ट कधीही विसरू नये

रस्त्यावरून आणलेलं, लस न टोचलेलं पिल्लू थरथरतंय, त्याचा स्वभाव अचानक बदललाय, गिळता येत नाही, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, झोकांड्या जातायत, तर रेबीजची शंका मनात हवीच. लहान पिल्लालाही रेबीज होतो. "घशात हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालणं ही सगळ्यात मोठी चूक. मुलांना लांब करावं, पिल्लाला एका खोलीत बंद ठेवून पशुवैद्यांना कळवावं. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. कुत्र्याला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर टोचतात. पुढच्या तारखा डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्याव्यात.

केव्हा जायचं?

लगेच, रात्र असली तरी :
- फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा चोवीस तासांत दुसरी आली.
- विषारी काही खाल्ल्याची किंवा अंगाला लागल्याची शंका आहे.
- पिल्लू कोसळलं, हाकेला ओ देत नाही, श्वासाला त्रास होतोय.
- हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसतायत. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा.
- साप चावल्याची शंका आहे.
- तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू गळून गेलंय आणि कापतंय.
- ताप 104 च्या वर गेलाय.

त्याच दिवशी :
- ऊब दिल्यावरही तासाभरात थरथर थांबली नाही.
- सोबत ओकारी, हगवण, खोकला, डोळ्या-नाकातून घाण, किंवा 103 च्या वर ताप आहे.
- लंगडणं, पाठ वाकवणं, हात लावू न देणं.
- एखादा स्नायू झोपेतही ठेक्यात उडतोय.
- आयुष्यातली पहिली फिट येऊन गेली, भले ती मिनिटभरातच थांबली असेल.

थोडं थांबून पाहायला हरकत नाही : कारण उघड आहे, पिल्लू खातंय, खेळतंय, हिरड्या गुलाबी आहेत. तरी तोच प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल तर एकदा दाखवून घ्यावं.

निघण्यापूर्वी

अंगाला औषध लागलं असेल आणि पिल्लू शुद्धीवर असेल तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवावं, हातात पिशवी किंवा मोजे घालून. मग पुसून कोरडं करावं आणि अंग चाटू देऊ नये. पण धुण्यात तास घालवू नये. फिट येत असेल तर धुणं राहू द्यावं, आधी निघावं. ज्या बाटलीचं, पुडीचं, पाकिटाचं विष असेल ते सोबत न्यावं, कारण उतारा त्या औषधावर ठरतो. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नये. विषावर दूध हा उपाय नाही. आणि आपल्या औषधपेटीतलं क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम यातलं काहीही देऊ नये. आपल्या डोकेदुखीची गोळी कुत्र्याच्या यकृताला, जठराला, मूत्रपिंडाला महागात पडते.

हातात मोबाइल असतोच, तर थरथरीचं मिनिटभर चित्रण करावं. दवाखान्यात पोचेपर्यंत थरथर थांबलेली असते आणि आपण हातवारे करून सांगत बसतो. डॉक्टरांना तो व्हिडिओ दहा वाक्यांपेक्षा उपयोगी पडतो. जोडीला चार गोष्टी कागदावर लिहाव्यात : केव्हा सुरू झालं, शेवटचं काय खाल्लं, लस कोणती झाली, वजन किती. वजन काट्यावर पिल्लाला कडेवर घेऊन उभं राहावं आणि नंतर आपलं वजा करावं.

आपल्या भागात आणखी एक अडचण असते, ती भाषेची. तालुक्याच्या पशु आस्पत्रेतले डॉक्टर पुष्कळदा बिदर किंवा बेंगळुरूकडे शिकून आलेले. आपल्या घरातली आजी मराठीतून सांगते "झटके येतात" आणि तिच्या मनात असते साधी थरथर. तेव्हा नेमके शब्द घरात सगळ्यांना माहीत असलेले बरे. थरथर म्हणजे नडुक, फिट म्हणजे मूर्च्छे, ओकारी म्हणजे वांती, हगवण म्हणजे भेदी, ताप म्हणजे ज्वर, गोचीड म्हणजे उण्णी, लस म्हणजे लसिके. नडुक आणि मूर्च्छे यांतला फरक नीट सांगितला तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. ज्यांच्या घरी सूनबाई किंवा जावई कन्नड भाषक आहेत त्यांनी दवाखान्यात त्यांनाच पुढे करावं. मीही आता तेच करते.

जवळच्या पशुवैद्यांचा आणि रात्री फोन उचलणाऱ्या एखाद्या डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवावा. 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा निःशुल्क क्रमांकही लिहून ठेवावा. तो मुख्यतः गुराढोरांसाठी असला तरी खेडेगावात जवळचा दवाखाना कुठे, एवढं विचारायला उपयोगी पडू शकतो.

शेरू आता दोन वर्षांचा झालाय. थंडीत अजूनही कापतो, आणि मी अजूनही गोधडी आणते. फक्त गोधडी घालण्याआधी त्याला हाक मारते, ओठ वर करून हिरड्या बघते, चार पावलं चालवते आणि ताटलीत भाकरीचा तुकडा टाकून तो खातो का पाहते. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. ती उरलेली बाटली मात्र आमच्या ह्यांनी गोठ्यातल्या कुलपाच्या कपाटात नेऊन ठेवली, आणि किल्ली सूनबाईंकडे आहे.